इंग्रजी शिकायला कुणी रिकाम्या हातांनी येत नाही

(देवपूर, धुळे इथे तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मोठ्या माणसांना इंग्रजीचं व्याकरण आणि उच्चार कसे शिकवायचे, यावर मला बोलायला सांगितलं आहे. आधीच सांगतो, मी इंग्रजीचा प्राध्यापक नाही. शिक्षण इंजिनिअरिंगचं, पोटापाण्याचं काम सॉफ्टवेअरचं. गेली काही वर्षं शनिवार-रविवारी मगरिबनंतर आम्ही काही मित्र इथे देवपुरात एक वर्ग चालवतो. फी नाही. पांझरेच्या अलीकडचे येतात, पलीकडच्या जुन्या धुळ्यातलेही येतात. यंत्रमागावर काम करणारे आहेत, मेडिकलवर बसणारे आहेत, दवाखान्यातल्या सिस्टर आहेत, रिक्षा चालवणारे आहेत. आणि ज्यांची मुलं इंग्लिश मीडियमला जातात अशा आया आहेत. वय वीसपासून पन्नासपर्यंत. कुणाच्या घरी उर्दू, कुणाच्या घरी आपली खानदेशी हिंदी, कुणाच्या घरी अहिराणी, कुणाच्या घरी मराठी.

येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी एकच वाक्य बोलतो, "सर, आम्हाला काहीच येत नाही. झिरोपासून सुरू करा." हे वाक्य खरं नाही, आणि ते खरं मानून शिकवलं की माणूस महिनाभरात वर्ग सोडून जातो, एवढंच मला आज सांगायचं आहे. बाकी सगळे याचे पुरावे आहेत.

चूक कुठून येते

आपल्या राज्यातल्या मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. त्याआधी ते पाचवीपासून होतं. म्हणजे माझ्या वयाच्या आणि माझ्याहून मोठ्या माणसांनी ए-बी-सी-डी गिरवली तेव्हा ती दहा वर्षांची होती. पुढची पाच-सहा वर्षं त्यांनी इंग्रजी वाचलं, लिहिलं, पाठ केलं आणि बोर्डाचा पेपर दिला. बोलले मात्र क्वचितच. आपल्या आजोबांच्या पिढीत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. मराठी वाक्य घ्यायचं, त्याचं इंग्रजी करायचं. त्या पद्धतीला आज लोक हसतात, पण तिच्यात एक मोठी गोष्ट होती. शिकणाऱ्याची भाषा वर्गात असायची. कमी होता तो आवाज. पुस्तकातून उच्चार ऐकू येत नाही.

१९६७ साली पिट कॉर्डर नावाच्या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे कचरा नव्हे, त्याच्या डोक्यात कोणता नियम चालू आहे हे त्या चुकांवरून कळतं, असं त्याचं म्हणणं होतं. पाच वर्षांनी, १९७२ मध्ये, लॅरी सेलिंकरने या मधल्या अवस्थेला नावच दिलं. शिकणारा बोलतो ती त्याची मातृभाषाही नसते आणि अजून इंग्रजीही नसते. दोन्हींच्या मधली, स्वतःचे नियम असलेली ती एक भाषा असते.

माझ्यासारख्या माणसाला हे लगेच पटतं. प्रोग्रॅम चुकीचं उत्तर देतो तेव्हा तो मूर्ख आहे असं आम्ही म्हणत नाही. कोणत्या ओळीमुळे हे उत्तर आलं ते शोधतो. एकच चूक वीस जण करत असतील, तर ती वीस जणांच्या निष्काळजीपणाची नसते. तिच्यामागे एक ओळ असते.

आता अशा काही ओळी बघू.

'आय डिड नॉट वेंट'

हे वाक्य प्रत्येक वर्गात ऐकू येतं. शिक्षक म्हणतात, "डिडनंतर क्रियापदाचं पहिलं रूप, किती वेळा सांगू?" सांगून उपयोग होत नाही, कारण शिकणारा आपल्या भाषेशी इमान राखून असतो. मराठीत आपण म्हणतो, "मी गेलो नाही." उर्दूत, "मैं नहीं गया." दोन्हीकडे भूतकाळ 'गेलो' आणि 'गया'मध्येच राहतो, नकार फक्त शेजारी येऊन बसतो. म्हणून 'वेंट' तसाच ठेवावासा वाटतो.

मग मी फळ्यावर दुसरं मराठी वाक्य लिहितो, "मी जात नव्हतो." इथे भूतकाळ कुठे आहे? 'जात'मध्ये नाही, 'नव्हतो'मध्ये आहे. म्हणजे मदतनीस क्रियापदाने काळ उचलायचा आणि मुख्य क्रियापदाने मोकळं राहायचं, ही गोष्ट आपल्याला येते. इंग्रजीत 'डिड नॉट' हा त्या 'नव्हतो'सारखा आहे. काळाचा शिक्का एकदाच मारायचा, आणि तो मदतनिसावर. 'ही डज नॉट नो'मध्येही तेच. 'एस' एकदाच लागतो, तो 'डज'ने घेतला, आता 'नो'ला द्यायचा नाही.

दुसरी चूक, "आय एम लिव्ह इन धुळे." हे बहुतेक उर्दू-हिंदी घरातून येतं. "मैं धुलिया में रहता हूँ." तो शेवटचा 'हूँ' कुठेतरी ठेवायला हवा, म्हणून 'एम' येतो. अशा वेळी मी म्हणतो, हे वाक्य उर्दूतून नको, मराठीतून आण. "मी धुळ्यात राहतो." 'आहे' कुठे आहे? नाही. मग 'एम'पण नाही. 'आय लिव्ह इन धुळे.' दोन भाषा येणाऱ्याला ही सोय असते. एका भाषेने वाट अडवली तर दुसरीकडून जाता येतं.

तिसरी गोष्ट अहिराणीची. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ मधल्या खंडात खानदेशीची नोंद भिल्ली भाषांबरोबर आहे, आणि २०११ च्या जनगणनेत १८ लाखांहून जास्त लोकांनी ती आपली भाषा म्हणून सांगितली. तरी ही बोलणारी माणसं वर्गात सगळ्यात मागे बसतात. "आमची भाषा गावठी," म्हणतात. अहिराणीत "तो जास", "तो करस" म्हणतात. मी त्यांना सांगतो, तुमचा 'जास' आणि इंग्रजीचा 'गोज' शेजारी ठेवा. नातं काही नाही, निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला छान आहे. फरक एवढाच की अहिराणीत "मी जास"पण चालतं, इंग्रजीत तो 'एस' फक्त ही, शी, इटपुरता. दहा वर्षं शाळेत जे डोक्यात बसलं नव्हतं, ते एका काकांच्या डोक्यात या एका शब्दाने बसलं. आता ते पुढच्या रांगेत बसतात.

'द' कुठे लावायचा

सगळ्यात जास्त रडवतो तो 'ए' आणि 'द'. आपल्याकडे आर्टिकल नाही, म्हणून ही कल्पनाच आपल्याला नवी आहे, असं शिक्षक मानतात. मी वर्गात दोन वाक्यं सांगतो.

"मी डॉक्टर शोधतोय."
"मी डॉक्टरला शोधतोय."

दोन्हींत फरक काय, म्हटलं की सगळे एका सुरात सांगतात. पहिल्यात कुणीही डॉक्टर चालेल. दुसऱ्यात एक ठरलेला डॉक्टर आहे, मला माहीत असलेला. उर्दूतही तसंच. "डॉक्टर ढूँढ रहा हूँ" आणि "डॉक्टर को ढूँढ रहा हूँ." पहिलं म्हणजे 'ए डॉक्टर', दुसरं म्हणजे 'द डॉक्टर'. आपण हे काम 'ला' आणि 'को'कडून करून घेतो, इंग्रजी त्यासाठी वेगळा शब्द वापरते. प्रत्येक ठिकाणी हे जुळत नाही, 'द'चे बाकीचे नियम पुढे शिकावे लागतातच. पण 'ठरलेला आणि न ठरलेला' ही जाण शिकणाऱ्याकडे आधीपासून आहे. ती त्याला दाखवून दिली की तो 'द'ला घाबरत नाही.

व्याकरणाच्या शब्दांनाही घाबरू नका. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. नाम, सर्वनाम, क्रियापद, विशेषण हे सगळं आपण मराठीच्या तासाला शिकलेलो आहोत. ते इंग्रजीच्या तासाला फक्त बाहेर काढायचं आहे.

जीभ कुठे ठेवायची, हे आपल्याला शिकवलेलं आहे

आता उच्चार. इथे तुम्हा लोकांकडे जे आहे ते इंग्रजीच्या महागड्या क्लासमध्ये पैसे देऊनही मिळत नाही.

लहानपणी कुणाकुणाला क़ारी साहेबांनी तजवीद शिकवली? हात वर करा. बघा, निम्मे आहात. तजवीद शिकवताना पहिली गोष्ट सांगतात ती मखरज. हा हर्फ तोंडात कुठून निघतो. 'से' म्हणजे आपला नेहमीचा 'स' नाही, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लावा आणि हवा सोडा. 'ज़ाल' म्हणजे 'ज़े' नाही, जागा तीच, पण आवाज घशातून घुमवा. उर्दू बोलताना आपण 'से'चा 'स' करतो आणि 'ज़ाल'चा 'ज़' करतो, पण तिलावत करताना उस्ताद ते चालवून घेत नाहीत.

इंग्रजीचा 'थिंक' म्हणताना जीभ जिथे जाते, ती हीच 'से'ची जागा. 'धिस', 'दॅट', 'मदर'मधला आवाज म्हणजे 'ज़ाल'. आमच्या वर्गातल्या एका आपांनी 'थँक यू' शिकायला महिना घालवला होता. कुणीतरी म्हणालं, "आपा, 'सवाब' शब्द अरबीत कसा वाचता?" त्यांनी वाचला. "आता त्याच जागेवरून थँक म्हणा." झालं.

'फ़े'चं मखरज आठवा. वरच्या दातांची टोकं खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला. इंग्रजीचा 'एफ' तिथेच. आणि त्याच जागेवर आवाज घुमवला की 'व्ही' होतो. 'वाव'चं मखरज म्हणजे दोन्ही ओठ गोल, दात मध्ये नाहीत. तो इंग्रजीचा 'डब्ल्यू'. आपला रोजचा 'व' या दोघांच्या मधला आहे, म्हणून 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' आपण सारखेच म्हणतो. तजवीदवाल्याला हे वेगळं करायला दोन मिनिटं लागतात.

ज्यांनी तजवीद शिकली नाही त्यांच्याकडे काय आहे? वर्णमाला. क-ख-ग घशाजवळ, च-छ-ज टाळूला, ट-ठ-ड जीभ मागे वळवून, त-थ-द दाताला, प-फ-ब ओठांना. ही रांग आतून बाहेर येते, म्हणजे बाराखडी पाठ असलेल्या प्रत्येकाने तोंडाचा नकाशा पाठ केलेला आहे. शाळेत तो नकाशा आहे हे कुणी सांगितलं नाही, इतकंच.

शिवाय मराठी लिपीने इंग्रजीसाठी काही सोयी आधीच केल्या आहेत. आपण 'बॅट' आणि 'बेट' वेगळं लिहितो, 'पॅन' आणि 'पेन' वेगळं लिहितो. 'व्हॅन'ला 'व्ह' आणि 'वॉटर'ला 'व' लिहितो. मराठी वाचणाऱ्याला 'मॅन' आणि 'मेन'मधला फरक समजावून सांगावा लागत नाही, डोळ्यांना तो माहीत असतो.

उलट काही गोष्टी उर्दूवाल्यांना सोप्या. 'दिन' आणि 'दीन' यांत आपण कधी गडबड करतो का? एक दिवस, एक धर्म. तोच ऱ्हस्व-दीर्घ फरक इंग्रजीत 'लिव्ह' आणि 'लीव्ह'मध्ये. 'आय लिव्ह इन धुळे' म्हणजे मी धुळ्यात राहतो. 'आय लीव्ह धुळे' म्हणजे मी धुळे सोडतो. मराठी बोलताना आपण हा फरक फारसा पाळत नाही, म्हणून मराठी घरातल्या मुलांना तो उर्दूवाल्यांकडून शिकावा लागतो.

आणि 'इस्कूल', 'इस्टेशन', 'इस्क्रीन'? याला सगळे हसतात. पुण्यात एका मुलाखतीत माझ्या समोरच्या साहेबांनीही एका उमेदवाराची अशीच नक्कल केली होती. हसण्याआधी उर्दू लिपीत 'स्कूल' कसं लिहितात ते बघा. शब्दाच्या सुरुवातीला अलिफ येतो. लिहितानाच 'इस्कूल' आहे, तर वाचणारा तसंच वाचणार. अरबीतही शब्दाची सुरुवात दोन जोडलेल्या व्यंजनांनी होत नाही. इथे मराठी मदतीला येते. 'स्थान', 'स्पर्धा', 'स्नान' म्हणायला लावा. मग सापासारखा 'स्स्स' लांबवून 'स्स्स-कूल' म्हणायला लावा. आठवडाभरात तो 'इ' गळतो.

म्हणून आमच्या वर्गात जोड्या लावतो. अहिराणी बोलणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा आणि उर्दू शाळेत शिकलेली मुलगी. ती त्याला 'ज़' आणि 'फ़' शिकवते, तो तिला 'स्क' आणि 'स्प' शिकवतो. या शहराने २००८ आणि २०१३ च्या दंगली पाहिल्या आहेत. त्यानंतर मोहल्ल्यांच्या भिंती उंच झाल्या, हे मी तुम्हाला सांगायला नको. वर्गात आम्ही सद्भावनेवर भाषण देत नाही. पण एकाला जे येत नाही ते दुसऱ्याच्या घरच्या भाषेत आहे, हे तिथे रोज दिसतं.

काय महत्त्वाचं आणि काय नाही

वेळ कमी असतो. दिवसभर लूमवर उभा राहिलेला माणूस संध्याकाळी दीड तास देतो. तो कशावर घालवायचा?

जेनिफर जेनकिन्स या संशोधक बाईंनी २००० साली एक पुस्तक लिहिलं. वेगवेगळ्या मातृभाषांची माणसं आपसात इंग्रजी बोलतात, तेव्हा समजण्यात घोटाळा नेमका कशामुळे होतो, याचा त्यांनी अभ्यास केला. त्यांच्या मते 'थिंक'मधला तो आवाज नसला तरी फारसं बिघडत नाही. ऱ्हस्व-दीर्घ स्वर, शब्दाच्या सुरुवातीची जोडाक्षरं, वाक्यात जोर कुठे पडतो, या गोष्टी मात्र बिघडल्या की समोरच्याला कळेनासं होतं. म्हणून 'से' आणि 'ज़ाल' ही आपल्याला मिळालेली भेट समजा, पण परीक्षा दुसरीकडे आहे.

सगळ्यात मोठी परीक्षा जोराची, म्हणजे आघाताची. आपण बोलताना प्रत्येक अक्षराला साधारण सारखं वजन देतो. इंग्रजीत एका शब्दात एक अक्षर जोरात, बाकीची दबकी. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर, 'फोटोग्राफर'मध्ये तो 'टॉ'वर सरकतो. 'होटेल'मध्ये तो 'टेल'वर आहे. दबकी अक्षरं इतकी दबतात की स्वर जवळजवळ गायब होतो.

हे विचित्र वाटत असेल तर मराठी ऐका. आपण 'करतो' लिहितो आणि 'कर्तो' म्हणतो. 'आमचा' लिहितो आणि 'आम्चा' म्हणतो. लिहिलेला 'अ' गिळायची सवय आपल्यालाही आहे, तो कुठे गिळायचा ते इंग्रजीत नव्याने शिकायचं. आम्ही टाळ्या वाजवून शिकवतो. जोराच्या अक्षराला टाळी, बाकीच्यांना नाही.

याने काय फरक पडतो? वर्गातल्या एका सिस्टरनी सांगितलं. रात्रपाळीत फोनवर डोस सांगितला जातो. 'फिफ्टीन' की 'फिफ्टी'? इंग्रजीत दोन्हींतला मोठा फरक जोराचा आहे. 'फिफ्टीन'मध्ये शेवट लांब आणि जोरात, 'फिफ्टी'मध्ये सुरुवात जोरात आणि शेवट आखूड. फोनवर खरखर असेल तर शेवटचा 'न' ऐकूच येत नाही. त्या आता दरवेळी उलट विचारतात, "वन-फाइव्ह, की फाइव्ह-झिरो?" हे आम्ही सगळ्यांना शिकवतो. उच्चार सुधारेपर्यंत थांबायचं नाही, खात्री करून घ्यायची वाक्यं आधी शिकायची. 'प्लीज से दॅट अगेन.' 'डू यू मीन वन-फाइव्ह?' आखाती देशात कामाला जाणाऱ्यांना तर ही वाक्यं पासपोर्टइतकी लागतात. तिथला मुकादम कुठल्या देशाचा असेल आणि त्याचं इंग्रजी कसं असेल, सांगता येत नाही.

लाज

आता जी गोष्ट कुठल्याच पुस्तकाच्या पहिल्या पानावर नसते ती.

आमच्याकडे येणाऱ्या आयांपैकी बऱ्याच जणी सांगतात की मुलांच्या शाळेत पालकसभेला त्या जात नाहीत. नवराही जात नाही. मॅडम इंग्रजीत बोलल्या तर काय, ही भीती. घरी मुलं उच्चार सुधारतात आणि हसतात. मुलगा सात वर्षांचा, आई तीस वर्षांची, आणि आई गप्प. मुलाच्या शिक्षणाबद्दल आईला विचारायचं असतं, तिला ते मराठीत, उर्दूत उत्तम विचारता येतं, पण ती विचारत नाही. इंग्रजीने आपलं हे नुकसान केलं आहे. नोकऱ्या जातात तो भाग वेगळाच. आधी माणसाचा आवाज जातो.

सीबवैह हे नाव मदरशात शिकलेल्यांनी ऐकलं असेल. आठव्या शतकातला हा माणूस. अरबी व्याकरणाचा सगळ्यात मोठा ग्रंथ त्याचा, त्याला नुसतं 'अल-किताब' म्हणतात. हर्फांची मखारिजही त्याने त्यात बारकाईने मांडली आहेत. पण तो अरब नव्हता, फारसी होता. अरबी त्याने शिकून घेतलेली भाषा होती. चरित्रकार सांगतात की बसऱ्यात हदीस शिकताना व्याकरणाच्या एका चुकीवरून त्याला टोकलं गेलं, आणि त्याने ठरवलं की आता ही विद्याच अशी शिकेन की कुणाला टोकायला जागा राहणार नाही. अरबी भाषेचे नियम अरबांनाही एका परक्या माणसाच्या पुस्तकातून शिकावे लागले.

इंग्रजीतही असा माणूस आहे. जोसेफ कॉनरॅड, जन्माने पोलिश. इंग्रजी शिकायला लागला तेव्हा विशी गाठत होता, जहाजावर खलाशी होता. पुढे इंग्रजीतल्या थोर कादंबरीकारांत त्याची गणना झाली. बोलताना त्याचा पोलिश हेल शेवटपर्यंत गेला नाही.

मोठेपणी शिकणाऱ्याचा हेल बहुतेक वेळा राहतो, हे मान्य करून टाका. पण व्याकरण आणि शब्द सुरुवातीला मोठी माणसं लहान मुलांपेक्षा लवकर उचलतात. हॉलंडमध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजीभाषकांचा अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला, त्यात पहिल्या काही महिन्यांत मोठी मुलं आणि प्रौढ लहानांच्या पुढे होते. तेव्हा 'आता वय झालं' हे कारण अर्धंच खरं आहे. इंग्रजांसारखं बोलणं हे आपलं ध्येयच नाही. समोरच्याला कळलं, आणि त्याचं आपल्याला कळलं, की काम झालं.

तुमच्या मोहल्ल्यात वर्ग सुरू करायचा तर

तुमच्यापैकी बरेच जण ग्रॅज्युएट आहात. इंग्रजी फार उत्तम असलंच पाहिजे असं नाही, शिकणाऱ्याच्या दोन पावलं पुढे असलात तरी पुरे. आमच्या अनुभवातून काही गोष्टी सांगतो.

आठ-दहा माणसंच घ्या. वीस झाली की बोलणारी चार आणि ऐकणारी सोळा होतात.

वेळ त्यांची विचारून ठरवा. बायकांना कोणती वेळ जमते हे बायकांनाच विचारा. लहान मूल घेऊन यायला परवानगी द्या, नाहीतर त्या येणार नाहीत.

वर्गात मातृभाषेला बंदी घालू नका. 'ओन्ली इंग्लिश'ची पाटी लावली की ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे तो गप्प बसतो. नियम मराठीत, उर्दूत, अहिराणीत समजवा. मग सराव इंग्रजीत.

एका दिवशी एकच चूक पकडा. आज 'डिड' असेल तर बाकी सगळं सोडून द्या. प्रत्येक शब्दाला अडवलं तर माणूस वाक्य पूर्णच करत नाही.

चूक दिसली की आधी विचारा, "हे तुमच्या भाषेत कसं म्हणता?" उत्तरातच बहुतेक वेळा कारण सापडतं.

मोबाइल वापरा. एकच उतारा पहिल्या दिवशी रेकॉर्ड करा आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा. दोन्ही त्याचे त्यालाच ऐकवा. मी किती शिकलो, याचं याहून चांगलं सर्टिफिकेट नाही. बोलून टाइप करायची सोय फोनमध्ये आहे, तिच्यावर 'शिप' आणि 'शीप' म्हणून बघा, काय उमटतं ते. मात्र मी याच क्षेत्रात काम करतो म्हणून सांगतो, त्या यंत्राला न्यायाधीश मानू नका. ते ज्यांच्या आवाजांवर शिकलं, त्यांचं त्याला जास्त कळतं. देवपूरच्या आवाजावर ते किती शिकलं असेल, विचार करा.

आणि एक नियम दारावर लिहा. इथे कुणी कुणाच्या उच्चाराला हसणार नाही. शिकवणाऱ्यानेही.

पुस्तक कुठलंही चालेल. पण पहिले धडे त्यांच्या गरजेतून घ्या. औषधाच्या पट्टीवरचा मजकूर, शाळेच्या डायरीतली नोट, बँकेचा मेसेज, कामाच्या ठिकाणची सुरक्षेची पाटी. 'द कॅट सॅट ऑन द मॅट' चाळीस वर्षांच्या माणसाला शिकवू नका. त्याला अपमान वाटतो, आणि बरोबर वाटतो.

शेवटी एवढंच. इंग्रजी आली म्हणून उर्दू, मराठी किंवा अहिराणी सोडायची गरज नाही. मी सांगितलं त्यातलं प्रत्येक कुलूप आपण याच भाषांच्या किल्ल्यांनी उघडलं. जूनमध्ये शाळा सुरू होतात, त्यानंतर पालकसभा. तुमच्या गल्लीतल्या दोन आया त्या सभेला जाऊन उभ्या राहिल्या आणि आपल्या मुलाबद्दल एक प्रश्न इंग्रजीत विचारून आल्या, तर वर्ग यशस्वी झाला असं समजा. त्यासाठी आठ माणसं आणि एक खोली लागते. ज्यांच्याकडे खोली आहे त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा.